बोकड आपला, काळीज कुणाचं?



आखाड लागला. आता गटारी अमावस्येपर्यंत गावोगावी खाटकाच्या दारात रांग दिसणार, आणि रांगेतला दर दुसरा-तिसरा माणूस तेच बोलणार, "दादा, मांडीचं द्या, हाडं कमी टाका, वजडी-बिजडी काही नको." हे म्हणणारा शहरातला साहेब असता तर मी ही पोस्ट लिहिलीच नसती. पण हे म्हणतो शेतकरी. ज्याच्या दावणीला चार शेळ्या आहेत, ज्यानं गेल्या महिन्यात व्यापाऱ्याला बोकड नजरेवर विकला, आणि जो आता त्याच जातीचं मटण साडेसातशे-आठशे रुपये किलोनं उधारीवर घेतोय, तो.

आज या माणसाशीच थोडं भांडायचंय. काहींना बोचेल. बोचू द्या.

माझं म्हणणं एका दमात सांगतो. जनावर आपण वाढवतो, चारा-पाणी आपण करतो, राखण आपण करतो, आणि त्या जनावराचा सगळ्यात पौष्टिक आणि सगळ्यात स्वस्त भाग आपणच "हलकं खाणं" म्हणून सोडून देतो. त्यात पैसा जातो, घरातल्या बायापोरांचं रक्त जातं, आणि वर राहिलेलं कुत्र्यापुढं टाकून कळपात रोग आपणच आणतो. हे तिन्ही कसं, ते बघू.

आधी हिशेब

३० किलोचा बोकड धरा. उस्मानाबादी असो नाहीतर संगमनेरी, कापल्यावर हाडासकट मटण पडतं जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ४८ टक्के. म्हणजे १४ किलोच्या आसपास. उरलेलं १६ किलो कुठं गेलं? कातडं दोन-सव्वादोन किलो. पोटातलं शेण-चारा चार-पाच किलो. रक्त किलो-सव्वा किलो. आणि उरलेल्यात मुंडी दोन किलोच्या घरात, चार पाय पाऊण किलो, काळीज अर्धा-पाऊण किलो, दिल-गुर्दे-फुप्फुस मिळून अर्धा किलोच्या वर, आणि धुऊन-खरवडून साफ केलेली वजडी दीड-दोन किलो. जनावर, वय, चारा बघून आकडे मागंपुढं होतील. पण पाच-सहा किलो खाण्याजोगा माल मटणाच्या बाहेर असतो, हे कुठल्याही खाटकाला विचारा.

आता भाव घालू. हे भाव गणितापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. जिवंत वजनाला ३५० रुपये किलो धरले तर बोकडाचे झाले १०,५०० रुपये. मटण १४ किलो, ७५० रुपयांनी विकलं तर झाले तेवढेच, १०,५००. म्हणजे नुसतं मटण विकून खाटकाचं मुद्दल निघालं. दुकानाचं भाडं, मजुरी, वाहतूक, नफा, हे सगळं कुठून निघतं? मुंडी, पाय, काळीज, वजडी, यातून. आपण ज्याला नाक मुरडतो त्याच्यावर त्याचं दुकान चालतं. यात खाटकाचा काही दोष नाही. त्याला मालाची किंमत कळते, आपल्याला कळत नाही, एवढाच फरक.

आणि हाच माल पुढं शहरात काय भावानं जातो बघा. हॉटेलात पाया सूपची एक वाटी मागवा आणि बिल वाचा. कोल्हापूर-इचलकरंजीकडं रक्तीमुंडी खायला लोक गाडी काढून जातात. गोव्यात सोरपोतेल हे डुकराच्या मांसाबरोबर काळीज घालून करतात, आणि ते लग्नाकार्यातलं, नाताळातलं मानाचं ताट आहे. तिथं कुणी म्हणत नाही की हे गरिबाचं खाणं.

घरचा हिशेबही करा. सहा माणसांचं घर, महिन्यातून दोनदा एक किलो मटण. एका वेळेचे ७५०. त्याऐवजी अर्धा किलो गर्दन-सीन्याचं मिसळ मटण घ्या, ३७५ रुपये. आणि अर्धा किलो वजडी नाहीतर पाय-मुंडी. हे मटणाच्या तिसऱ्या हिश्श्यानं मिळालं तर १२५. एकूण झाले ५००. एका वेळी २५० वाचले, वर्षात चोवीस वेळा धरले तर ६,००० रुपये. भाव बरा लागला तर त्यात एक पाट दावणीला येते. खताच्या गोणीवर पन्नास रुपये वाढले की आपण मोर्चा काढतो. हे सहा हजार आपण स्वतःच्या हातानं दरवर्षी सोडतो, त्यावर कुणी बोलत नाही.

"पण चव? पण चिवट लागतं!"

चिवट लागतं कारण शिजवायची घाई. जनावराचा जो अवयव जास्त राबतो तिथं चिवट पांढरे धागे जास्त असतात. गर्दन, खांदा, नळी, पाय हे सगळे राबणारे भाग. हे धागे ढणाढणा जाळ करून पाच-सात शिट्ट्यांत विरघळत नाहीत. त्यांना हळू आच आणि वेळ लागतो, मग ते विरघळून रस्सा दाट होतो, बोटं चिकटतात तो दाटपणा. आपल्या आज्या चुलीवर निखाऱ्यावर मडकं ठेवून शेतात जायच्या ते उगाच नव्हे. आता कुकर आहे. कुकरमध्ये तापमान १२० अंशाच्या आसपास जातं, म्हणून चुलीवर तीन-चार तास खाणारं काम पाऊण-एक तासात होतं. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करा. गर्दन-सीन्याला बारीक गॅसवर अर्धा तास, पायाला पाऊण ते एक तास. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, घड्याळ बघायचं.

जून बोकडाचं किंवा भाकड शेळीचं मटण असेल तर कच्च्या पपईचा कीस तासभर लावून ठेवा. पपईच्या चिकात मांस मऊ करणारं पाचक द्रव्य असतं. जास्त वेळ ठेवलं तर पिठासारखं होतं, एवढं सांभाळा.

काळजाचं उलट आहे. त्याला पाच-सात मिनिटं पुरतात. अर्धा तास शिजवलं की रबर होतं, आणि मग आपण म्हणतो काळीज चांगलं लागत नाही. आतून लाल राहता कामा नये, एवढी खात्री करा आणि उतरवा. फुप्फुस आधी उकडून घ्यायचं, वरचा फेस काढून टाकायचा, मग बारीक चिरून कांद्यावर परतायचं. मुंडी आणि पाय जाळावर भाजून, केस खरवडून, दोनदा गरम पाण्यानं धुऊन मग फोडायचे. वजडी कढत पाण्यात बुडवली की वरचा काळा पापुद्रा सुरीच्या पाठीनं निघतो. पाणी उकळतं नको, नाहीतर पापुद्रा घट्ट बसतो. काही भागात खायचा चुना चोळतात, तोही चालतो, पण मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायला पाहिजे.

हे सगळं ज्यांना येतं त्या बाया प्रत्येक गावात अजून आहेत. दहा वर्षांनी असतील का, हा प्रश्न आहे.

काळीज कुणाच्या ताटात पडतं?

आता खरा मुद्दा. इथं मी कुणाची भीड ठेवणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हा आकडा ६७ टक्के. आपल्या राज्यातही निम्म्याहून जास्त बायका यात आहेत. तुमच्या घरात तीन बायका असतील तर दोघींची शक्यता धरून चाला. खुरपताना डोळ्यापुढं अंधारी येते, भारा उचलताना धाप लागते, त्याला आपण "उन्हाचं झालं असेल" म्हणतो.

आता ताट बघा. बोकडाच्या काळजात लोह साध्या मटणाच्या दुप्पट-तिप्पट असतं. ब-१२ आणि अ जीवनसत्त्व तर मटणापेक्षा कैक पटीनं जास्त. आणि मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगाला सोपं लागतं. म्हणजे घरात ज्या बाईचं रक्त कमी आहे आणि ज्या पोराची वाढ खुंटलीय, त्यांच्यासाठी अख्ख्या बोकडात काळजाएवढी कामाची दुसरी वस्तू नाही. आणि ते काळीज जातं कुठं? मळ्यातल्या पार्टीत. चकण्याला. चार गडी बाटलीभोवती बसतात, तव्यावर कलेजी परततात आणि संपवतात. घरी बायकोच्या ताटात येतो रस्सा, तोही सगळ्यांचं जेवण झाल्यावर, पातेल्याच्या तळाचा. मग गोळ्या आणायला आरोग्य केंद्रात कोण जातं? तीच.

याला मी गरिबी म्हणणार नाही. काळीज घरात आलं होतं, ते वाटलं कुणी आणि कसं, हा प्रश्न आहे.

साधं करायचंय. मटण आणलं की काळजाचे तुकडे आधी बाईच्या आणि पोरांच्या ताटात. सोबत लिंबू पिळा, त्यानं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा नको, तो अडवतो. महिन्यातून दोनदा एवढं केलं म्हणजे गोळ्या बंद करा असं नाही. गोळ्या चालूच ठेवायच्या. पण घरातली वस्तू घरात लागू दे.

दोन धोक्याच्या सूचनाही देतो, कारण अर्धं सांगणं मला पटत नाही. गरोदर बाईनं काळीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये, कारण त्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते पोटातल्या बाळाला जास्त झालेलं चालत नाही. आणि ज्यांना युरिक अॅसिडचा, सांध्याचा त्रास आहे त्यांनी काळीज, गुर्दे, भेजा हे कमीच ठेवावं.

पाया सुपाबद्दलही खरं सांगतो. "मोडलेलं हाड पाया सुपानं जुळतं" असं गावात म्हणतात. सुपात उतरतं ते बहुतेक चिकट प्रथिन. ते प्रथिन एकटं पुरं नसतं, आणि हाडातला चुना पाण्यात फारसा उतरत नाही. तेव्हा सूप प्या, पोटाला बरं, चवीला उत्तम, पण सोबत डाळ-भाकरी पाहिजे. हाड मोडलं तर प्लास्टर घालायला जा.

नाक मुरडण्यामागं काय आहे

"वजडी ते लोक खातात." हे वाक्य प्रत्येकानं ऐकलंय. काहींनी बोललंय. "ते लोक" म्हणजे कोण, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी उघड बोलत नाही. मग मी बोलतो. गावानं चांगला भाग स्वतः ठेवला आणि उरलेलं ज्यांच्या वाट्याला टाकलं, त्यांनी त्या उरलेल्यातून एक पूर्ण स्वयंपाक उभा केला. कुठला अवयव कसा साफ करायचा, कशात शिजवायचा, वाळवून कसा टिकवायचा, हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक लिहिलं, २०१५ साली आलं. गावाकडचा माणूस असाल तर वाचा. आपण ज्याला हिणवलं ते किती बारकाईचं काम होतं, कळेल.

आता गंमत बघा. ज्या खाण्यावरून माणसाला हलकं ठरवलं, तेच खाणं आज शहरात हौसेनं, जास्त पैसे मोजून खाल्लं जातं. आणि गावात मात्र त्याच समाजातली पोरं आता लाजेपोटी वजडी आणायचं टाळतात, कारण मित्र हसतील. हसणाऱ्याला लाज वाटायला पाहिजे, खाणाऱ्याला नाही.

कुणाला धर्मामुळं रक्ती चालत नाही, कुणी माळकरी आहे, कुणाला मांसच नको. त्यांच्याशी माझं भांडण नाही, त्यांचा मान आहेच. माझं भांडण आहे मटण चापून खाणाऱ्या आणि मुंडी बघून तोंड वाकडं करणाऱ्या माणसाशी. बोकड एकच होता, भाऊ.

"साफ कोण करणार?"

हा आक्षेप खरा आहे, आणि तो बायकांचा आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. वजडी साफ करणं हे तास-दीड तासाचं, घाणीचं, कंबर मोडणारं काम आहे. पाय-मुंडी भाजायची तर धूर वेगळाच. दिवसभर रानात राबून आलेल्या बाईपुढं नवऱ्यानं वजडीची पिशवी टाकायची आणि "झणझणीत कर" म्हणून टीव्हीपुढं बसायचं, याला मी काटकसर म्हणत नाही. पैसा त्याचा वाचला, कष्ट तिचे गेले.

म्हणून नियम एकच. जो आणतो तोच साफ करतो. दारात बादलीभर गरम पाणी, एक सुरी, एक पाटा, आणि गडी माणूस बसला पाहिजे. बैलाचं खूर काढता येतं, गायीची वार हातानं काढता येते, मग वजडी धुता येत नाही होय? ज्याला हे जमत नसेल त्यानं खाटकाकडूनच साफ करून आणावी, चार पैसे जास्त देऊन. तरीही मटणापेक्षा स्वस्तच पडते.

उकिरड्यावर टाकलं की काय होतं

आता शेळीपालकांनी नीट वाचा. "आम्हाला नको, कुत्र्यांना टाका" हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे.

शेळी-मेंढीच्या फुप्फुसात, काळजात कधीकधी पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसतात. लिंबाएवढ्या, कधी मोठ्या. तो जंताचा प्रकार आहे. तो कच्चा अवयव कुत्र्यानं खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात त्या गाठीतून बारीक पट्टकृमी तयार होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यावर, अंगणात पडतात. ती गवतातून पुन्हा शेळीच्या पोटात, आणि न धुतलेल्या हातातून, भाजीतून माणसाच्या पोटात. माणसाच्या काळजात, फुप्फुसात तशाच गाठी होतात आणि ऑपरेशनची पाळी येते. मुंडीचंही तेच. मेंदूत पाण्याची पिशवी झालेली शेळी मान वाकडी करून गोल गोल फिरते, ते तुम्ही पाहिलं असेल. ती मुंडी कच्ची कुत्र्याला गेली की चक्र पुन्हा सुरू.

म्हणून चांगला अवयव पूर्ण शिजवून माणसानं खायचा. गाठ असलेला, रंग बिघडलेला, वास येणारा अवयव खायचाही नाही आणि फेकायचाही नाही. तो जाळायचा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल, चुना टाकून पुरायचा. गावातल्या राखणीच्या कुत्र्यांना जंताचं औषध पशुवैद्यकांना विचारून वेळेवर द्यायचं. शेळ्यांना देता आणि कुत्र्याला विसरता, तर अर्धं काम राहिलं.

अजून एक. काळीज म्हणजे कळपाची वही आहे. कालव्याकाठी, पाणथळीत चरणाऱ्या शेळीच्या काळजात पानासारखे चपटे कृमी, जाड झालेल्या नळ्या दिसतात. असं काळीज दिसलं म्हणजे तो एक बोकड नव्हे, अख्खा कळप तपासायला पाहिजे. चराईची जागा बदला, औषधाचं वेळापत्रक पशुवैद्यकांकडून करून घ्या. जो शेतकरी बोकड विकून मोकळा होतो आणि कापलेलं कधी बघतच नाही, त्याला ही वही वाचायलाच मिळत नाही.

आणि औषधाचा नियम. अँटिबायोटिकचं इंजेक्शन किंवा जंताचं औषध दिलेलं जनावर लगेच कापू नका. बाटलीवर मांसासाठी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. औषधाचा अंश काळजात आणि गुर्द्यात जास्त साठतो. आजारी म्हणून कापलेलं, मेलेलं जनावर तर खायचंच नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी. काटकसर आणि आगाऊपणा यात फरक आहे.

मग करायचं काय? वाटे घाला

नवीन काही नाही, जुनंच आहे. आठ-दहा घरांनी मिळून गावातल्याच शेतकऱ्याचा बोकड घ्यायचा. काट्यावर वजन करून, नजरेवर नाही. ठरलेल्या परवानगीच्या जागी, जाणत्या खाटकाकडून कापून घ्यायचा, आणि वाटे घालायचे. प्रत्येक वाट्यात सगळं थोडं थोडं. मांडी पण, गर्दन पण, काळजाचा तुकडा पण, वजडी पण. जुनी माणसं वाटे घातल्यावर लहान पोराला पाठमोरं उभं करून विचारायची, "हा कुणाचा?" पोर नाव घेईल त्याचा तो वाटा. त्यात सरपंचाला मांडी आणि गड्याला खूर असा प्रकार चालत नसे.

वरचंच गणित घ्या. बोकड १०,५००, कापणावळ ५०० धरली, झाले ११,०००. दहा घरांत प्रत्येकी १,१००. वाट्याला आलं एक किलो ४०० ग्रॅम मटण आणि वर अर्ध्या किलोच्या पुढं काळीज-वजडी-मुंडी-पाय. दुकानात नुसत्या मटणाचेच १,०५० झाले असते. म्हणजे पन्नास रुपयांत अर्धा किलो जास्त. आणि विकणाऱ्या शेतकऱ्याचं? व्यापारी दारात येऊन ३०० रुपये किलोनं मागत असेल, वर ३० किलोचा बोकड पाठ दाबून "सव्वीस भरंल" म्हणत असेल, तर त्याच्या हातात पडतात ७,८००. वाट्यात पडले १०,५००. दोन हजार सातशेचा फरक, गाव न सोडता.

हा फरक कुणी अनुदान म्हणून देणार नाही. तो आपल्याच गावात पडलेला आहे.

शेवटी कृषी आणि पशुसंवर्धनवाल्या मित्रांना

इथं पुष्कळ कृषी पदवीधर, विषयतज्ज्ञ वाचतात, म्हणून सांगतो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीवर शेळ्या मोजल्या गेल्या. शेळीपालनाच्या ज्या ज्या प्रशिक्षणाला मी बसलो, तिथं जात, गोठा, चारा, लसीकरण, कर्जप्रकरण, सगळं सांगितलं. एक तास कुणी कापलेला बोकड दाखवला नाही. कुठला भाग किती भरतो, काळीज कसं बघायचं, गाठ कशी ओळखायची, वजन करून भाव कसा मागायचा, हे शेतकऱ्याला कुणी दाखवत नाही. द्राक्षवाल्याला मण्याचा आकार, साखर, पेटीतली प्रतवारी सगळं शिकवता. शेळीवाल्याला त्याचा माल आतून कसा दिसतो एवढंही नाही. कारण सुटाबुटातल्या कार्यक्रमात वजडी ठेवायला लाज वाटते. प्रथिनांच्या डब्याची जाहिरात ठेवायला वाटत नाही.

बचत गटाच्या बायकांना पापड-लोणचं शिकवता, चांगलं आहे. त्यांना स्वच्छ केलेली वजडी, भाजून साफ केलेले पाय, योग्य परवान्यासह, थंड ठेवून विकायला शिकवा. तालुक्याच्या हॉटेलांना हा माल रोज लागतो. साफ करायची कटकट वाचली तर ते चार पैसे जास्त देतील.

तर मंडळी, या आखाडात एक करा. दुकानात गेल्यावर "मांडीचं द्या" म्हणायच्या आधी थांबा, आणि म्हणा, "दादा, सगळं मिळून द्या, काळीज आठवणीनं टाका." घरी आल्यावर बादली, सुरी आणि गरम पाणी घेऊन स्वतः बसा. आणि शिजल्यावर काळीज कुणाच्या ताटात पडतंय त्यावर नजर ठेवा.

तुमच्याकडं वाटे घालायची पद्धत अजून चालू असेल तर किती घरं मिळून घेता आणि भाव कसा ठरवता, तेवढं खाली लिहा. दुसऱ्या गावाला उपयोगी पडेल.